तीनशे चाळीस मीटर: एका ओढ्यावरच्या वीजघराच्या नोंदी

14 ऑक्टोबर 2023

चांदणी चौक पार करेपर्यंत साडेआठ वाजले. पौड, मुळशी धरण मागे टाकून पश्चिमेला जिथे डांबर संपतं तिथली ही वाडी. नाव मुद्दाम लिहीत नाही, धबधबे शोधत येणाऱ्या गाड्या आधीच भरपूर आहेत. 34 घरं. खांब आहेत, मीटर आहेत, बिलंही येतात. मग आमचं इथे काय काम, हे तात्यांनी पहिल्याच चहाला सांगितलं: "लाइट हाय की. फक्त पावसाळ्यात नसती." झाड पडतं, तार तुटते, वायरमन चिखलातून चालत येणार कधी? यंदा जुलैत सलग अकरा दिवस अंधार होता. दोन घरांवर सोलर पॅनेल आहे, पण इथे जुलैत सूर्य महिनामहिना तोंड दाखवत नाही.

म्हणजे वीज जाते नेमकी तेव्हाच, जेव्हा ओढा दुथडी भरून वाहतो. एवढं जुळून आलेलं गणित मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

ओढ्यात पान सोडून वेग मोजला, रुंदी-खोली काठीने घेतली. सेकंदाला 160 लिटर. वरच्या कातळापासून खालच्या खाचरांपर्यंतचा उतार गवंड्याच्या लेव्हल पाइपने मोजला, 38 मीटर. पाणी गुणिले उंची गुणिले 9.81 (गुरुत्वाकर्षणाचा आकडा), त्यातलं साठ टक्के हाती लागतं असं धरलं. 150 लिटर उचलले तर 33 किलोवॅट. घरटी जवळपास एक किलोवॅट! वहीत आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

29 ऑक्टोबर 2023

पुण्यात. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा टेबलावर, शेजारी पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा, म्हणजे माधव गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल. या अहवालाच्या नावाने बारा वर्षं भांडणं चालू आहेत. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी जलविद्युतचं पान उघडलंय, देव जाणे. मीही आजच उघडलं.

सर्वात संवेदनशील पट्ट्यात मोठी साठवण धरणं नकोत, पण वाहत्या पाण्यावरच्या छोट्या योजना चालतील, असं त्यात आहे. अटी अशा: बांधाची उंची 3 मीटरच्या आत, वीज स्थानिक गरजेसाठी, ग्रामसभेची संमती, आणि पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्यांना हात लावायचा नाही. डोंगरातून निघालेली, जिला कुणी येऊन मिळालेलं नाही अशी धार पहिल्या श्रेणीची. अशा दोन मिळाल्या की दुसरी श्रेणी, दुसऱ्या श्रेणीच्या दोन मिळाल्या की तिसरी. नकाशावर निळ्या रेघा मोजल्या. आमचा वरचा कातळ दुसऱ्या श्रेणीवर बसतोय.

कायद्याने मला कुणी अडवत नाही. हा अहवाल कायदा झालेला नाही, आणि 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत 25 मेगावॅटखालच्या जलविद्युतला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. हे जरा डोक्यात घोळवून पाहा: 24 मेगावॅटचा प्रकल्प, बोगदे, रस्ते, सुरुंग यांच्यासकट, 'लहान' म्हणून सुटतो. आमच्या सगळ्या वाडीला पुरेल त्याच्या कितीतरी शेकडा पट तो. 'लघुजलविद्युत हिरवी असते' हे वाक्य कुणी फेकलं की आधी विचारावं, लघु म्हणजे केवढी?

अडवत नाही म्हणून करायचं का, यावर आम्ही तिघांनी तासभर घातला. शेवटी पाणी उचलायची जागा संगमाखाली आणायची ठरलं. वरच्या बारीक धारांत बेडकं, खेकडे, किडे यांची जी सृष्टी असते ती तशीच राहील. उंची 38 वरून 26 मीटर. 33 चे 23 किलोवॅट झाले. दोन रेघांपैकी एक खोडली.

17 डिसेंबर 2023

मिठाची पद्धत. वजन केलेलं मीठ बादलीत विरघळवून वर ओतायचं, खाली वाहकता मोजणारं यंत्र धरून दर पाच सेकंदांनी आकडा लिहायचा. खडकाळ, उसळत्या ओढ्यात हीच खात्रीची. आज फक्त 14 लिटर. ऑक्टोबरचा आकडाही चुकलाय हे आज कळलं, आणि चूक माझीच. पान वाहतं ते वरच्या पाण्याचा वेग सांगतं, तळाच्या दगडांत अडखळणारं पाणी बरंच मागे असतं. म्हणून त्या वेगाला कमी करून घ्यायचं असतं. ते मी विसरलो होतो. 160 नव्हे, शंभरच्या आसपास असणार. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ही चूक चालते, पंचेचाळिशीत नाही.

संध्याकाळी तात्यांच्या ओटीवर. त्यांच्या आजोबांचं गाव मुळशीच्या पाण्याखाली. 16 एप्रिल 1921, रामनवमी, धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाची सुरुवात, सेनापती बापट, 'जान किंवा जमीन' हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. तात्यांनी ते घरातल्या भांडणासारखं सांगितलं: कुणाची म्हैस कुठे राहिली, कोणता आंबा बुडाला. पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं, तिथे 1927 मध्ये वीज झाली, ती मुंबईला गेली. "आन आमच्याकडं दिवा कवा आला? माझ्या लग्नानंतर." मग माझ्याकडे बघून शांतपणे, "तुमचं बी पानी कुटं न्येनार, ते आदी सांगा."

मी सांगितलं, वरून उचलून 340 मीटर खाली सोडणार, एक थेंब कमी होणार नाही. तात्या हसले. "त्या मदल्यात काय हाय, बगितलं का?"

11 फेब्रुवारी 2024

नाही, बघितलं नव्हतं. माझ्या आराखड्यात ती एक तुटक रेघ होती. वरून पाणी पाइपात शिरतं, खाली यंत्रघरातून बाहेर पडतं, मधल्या टप्प्याला कागदावर काही नावच नाही. आज सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत मी तिथे बसलो.

सात वाजता दोघी हंडे-कळश्या घासायला. आठपासून धुणं, तीन सपाट दगड, आणि कोणता दगड कुणाचा हे ठरलेलं. अकराला गुरं. त्यांचा उतार वेगळा, धुण्याच्या खालच्या अंगाला, कारण पाणी गढूळ करायचं ते शेवटी. दुपारी कातकऱ्यांची दोन पोरं दगड उलटून मुठे पकडत होती, छोटे काळे खेकडे. त्यांच्या मागोमाग आई आली, तिने कपारीत हात घालून माझ्या पंजाएवढा एक काढला आणि पोरांना दाखवलं, हात कसा घालायचा. त्याखाली रांजणखळग्यांची रांग, मग एक खोल डोह. काठावर शेंदूर लावलेला दगड. त्या डोहात चपला घालून उतरायचं नाही, असं मला सहा वर्षांच्या मुलीने दटावून सांगितलं. तिन्हीसांजेला खंड्या, आणि काहीतरी मांजराएवढं, जे मला बघून पळालं.

पत्र्याची व्ही-खाच (इंग्रजी व्हीच्या आकाराची फट, तिच्यातल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढता येतो) मातीत बसवून पाणी मोजलं. साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सहा लिटर. एवढ्याशा पाण्यावर एवढी ये-जा.

मोठ्या धरणात गाव बुडतं म्हणून दिसतं तरी. इथे काहीच बुडत नाही, फक्त एक तुकडा कोरडा पडतो, आणि जिथे तो पडतो तिथे साइट व्हिजिटला कुणी थांबत नाही, कारण जीप वर जाते आणि खाली येते.

21 एप्रिल 2024

ओढा थांबला. डोहात पाणी आहे, खळग्यांत आहे, मधले दगड तापलेले. मे अखेरपर्यंत असंच.

हा महिना वाचनात गेला. ओढ्यात किती पाणी ठेवायचं याची जगभर सर्वात जास्त वापरलेली फूटपट्टी टेनंटची, 1976 ची: वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या 10 टक्के म्हणजे जगण्यापुरतं, 30 टक्के म्हणजे बरं. ती अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग, नेब्रास्का या भागातल्या नद्यांवरून आली. आपल्याकडे चार महिन्यांत वर्षाचं पाणी वाहून जातं. त्याची सरासरी काढणं म्हणजे एकादशी आणि लग्नाची पंगत यांची सरासरी काढून माणूस रोज किती जेवतो ते सांगणं.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 मध्ये सांगितलं की नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या 15 ते 20 टक्के पाणी ठेवा. हेतू चांगला. पण आमच्या ओढ्याचा कोरड्या हंगामातला प्रवाह आज माझ्यासमोर आहे: शून्य. शून्याचे वीस टक्के शून्य. नियम पाळून मी ऑगस्टातसुद्धा सगळं पाणी पाइपात घालू शकतो!

बाहेरचं वाचलं तर आपण एकटे नाही. 2018 च्या एका मोजणीत जगभर सुमारे 83 हजार छोटी वीजघरं निघाली, चालू आणि बांधकामातली धरून. 2013 मध्ये चीनच्या नू खोऱ्यावरच्या अभ्यासाने दाखवलं की दर मेगावॅटमागे हिशेब केला तर बऱ्याच बाबतींत छोट्यांचं नुकसान मोठ्यांपेक्षा जास्त. चीनच्याच सरकारी लेखापरीक्षणाने 2018 मध्ये यांगत्सेच्या पट्ट्यात 333 नद्या कमी-जास्त तुटल्याचं नोंदवलं. बोस्नियात क्रुश्चित्सा गावच्या बायका असल्याच 'छोट्या' प्रकल्पाविरुद्ध 503 दिवस पुलावर बसून राहिल्या. त्यांचंही बहुधा 340 मीटरसारखंच काहीतरी असणार.

मग वाटतं, नवा ओढा धरायचाच कशाला? पानशेत, वरसगावच्या पायथ्याशी प्रत्येकी 8 मेगावॅटची यंत्रं आहेत, भाटघरला 16. धरण आधीच आहे, पाणी शेतीला, पुण्याला सोडायचंच आहे, ते यंत्रातून जातं इतकंच. धरणांचं पाप-पुण्य वेगळं, पण यंत्रामुळे त्यात नवी भर फार नाही. जिथे बांध, कालवा, पाइप आधीच आहे तिथे आधी बघावं. ओढा सगळ्यात शेवटी. आमच्या वाडीजवळ असलं काही नाही, हे दोनदा फिरून बघितलं.

7 मे 2024

बारामती मतदारसंघात मतदान. कुणीच भेटणार नव्हतं, गेलो नाही.

16 जून 2024

चढणीचे मासे! पहिला मोठा पाऊस होऊन चार दिवस झाले. खालच्या नदीतून मासे ओढ्यात आणि ओढ्यातून खाचरांत चढताहेत. रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खी वाडी काठावर. कुणाकडे बांबूचा सापळा, कुणाकडे मच्छरदाणीचा तुकडा. आमच्या गटातली एक जण प्राणिशास्त्राची आहे. ती एकही मासा न पकडता तीन तास फक्त मोजत बसली. मळे नावाचे मासे सर्वात जास्त. त्यांच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने ओल्या कातळाला चिकटून ते वर सरकतात. बाकीच्यांना तसं जमत नाही, त्यांना पायरी-पायरीचं पाणी लागतं.

ती म्हणाली, याच मुळा-मुठेतून 1839 साली कर्नल साइक्सने दख्खनच्या महासीरचं शास्त्रीय वर्णन केलं. आमच्या ओढ्यात महासीर दिसला नाही. पण तिचं म्हणणं सरळ होतं: हे तीन आठवडे गेले तर मासे पुढच्या वर्षी कुठून येणार?

ठरलं. पाऊस लागल्यापासून तीन आठवडे यंत्र बंद, काही झालं तरी. बांध सरळ उभ्या भिंतीसारखा नाही, एका अंगाला खडबडीत दगडांचा लांब उतार. आणि आजवरचं सर्वात महत्त्वाचं: सर्वात उथळ जागेवर मासा पाठ बुडवून जाईल आणि धुण्याच्या दगडाला पाणी लागेल, त्याला किती प्रवाह लागतो ते टक्केवारीतून न काढता तिथेच मोजायचं.

14 जुलै 2024

मोजलं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाण्यात, त्याच पाच जागा. सेकंदाला 20 लिटरच्या खाली गेलं की उथळ जागा तुटते. हा झाला ओढ्याचा वाटा. यंत्राला उरलेलं, तेही 45 लिटरपर्यंतच. पाइपातल्या घर्षणात 26 मीटरमधले सव्वादोन मीटर जातात. हाती सहा किलोवॅट आणि थोडं वर.

33, 23, 6. उरलेली रेघही खोडली.

25 जुलै 2024

ताम्हिणीला 24 तासांत साडेपाचशे मिलिमीटरवर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत होड्या. वाडीला फोन लागत नाही. टॉवरला वीज नाही.

15 ऑगस्ट 2024

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. सरपंचबाईंनी विषय मांडला, तासभर चर्चा. पुरुषांना देवळावर आणि चौकात दिवे हवेत, बायकांना गिरणी. सहा किलोवॅटमध्ये दोन्ही एकाच वेळी नाही, हे मी दोनदा सांगितलं. दिवसा गिरणी, रात्री दिवे असं ठरलं. घरटी महिना 70 रुपये. ठराव एकमताने मंजूर, टाळ्या, पेढे. परत येताना मी फार खूश होतो.

1 सप्टेंबर 2024

खुशी उतरली. फेब्रुवारीत खेकड्याच्या कपारीत हात घालायला शिकवणारी ती बाई ओढ्यावर भेटली. मी उत्साहाने ठरावाचं सांगितलं. तिला काही माहीतच नव्हतं. त्यांची तीन घरं ओढ्यापलीकडे. नावं शेजारच्या गावच्या यादीत, तिथल्या ग्रामसभेला हा ओढा लागत नाही, इथल्या ग्रामसभेला ही माणसं लागत नाहीत. त्या 340 मीटरवर सर्वात जास्त जगणारी तीन घरं, आणि 'एकमत' त्यांना वगळून झालेलं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे, हे मी भाषणात सांगतो.

तिच्या अंगणात बसलो. तिला मी मावशी म्हणू लागलो. तिची विजेची मागणी नव्हती. तिने विचारलं, "तुमची चावी कुनाकडं ऱ्हानार?" म्हटलं, चालवणाऱ्या मुलाकडे. "मंग पानी कमी झालं तर आमी काय त्याच्या दारात जायाचं?"

तीन रविवार लागले. शेवटी ठरलं ते असं. पाइपाच्या तोंडाच्या झडपेला कुलूप नसेल. बंद कुणीही करू शकेल, पुन्हा उघडायची मात्र नोंदवहीत लिहून आणि मावशीला सांगून. धुण्याच्या दगडाशेजारी कातळावर लाल रेघ, 20 लिटरच्या पातळीला. पाणी त्याखाली दिसलं की बंद. तिन्ही घरांना जोडणी, पैसे न घेता. शेवटच्या मुद्द्यावर वाडीत कुरकुर झाली. सरपंचबाईंनी ती बसल्याजागी मिटवली. कशी, ते मला कळलं नाही.

20 ऑक्टोबर 2024

विधानसभेची आचारसंहिता. कागद हलत नाहीत, म्हणून लोखंड हलवलं. भोसरीत क्रॉसफ्लो टर्बाइनचं चाक बनतंय. पाती पाइप उभा कापून केलेली, बाजूच्या तबकड्या लेझरने. इतकं साधं यंत्र की वाडीतल्या वेल्डरलाही दुरुस्त करता येईल, म्हणूनच ते घेतलं. जनित्र म्हणून 10 हॉर्सपॉवरची जुनी थ्री-फेज मोटर, कपॅसिटर विशिष्ट पद्धतीने जोडले की ती सिंगल-फेजची सहा किलोवॅट देते. कपॅसिटर आणि लोड कंट्रोलर (न वापरलेली वीज दुसरीकडे वळवणारा) यांचे सुटे भाग तपकीर गल्लीत, नटबोल्ट बोहरी आळीत. दुकानदाराने विचारलं, कशाला? सांगितलं तर म्हणाला, "पुण्यात पाऊस पडला की आमची पण लाइट जाते, इकडे पण बसवा."

8 डिसेंबर 2024

पाइपाचे साठ मीटर वनजमिनीतून. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये तेरा सोयींसाठी अशी जमीन देता येते, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत, ग्रामसभेच्या शिफारशीने, आणि अपारंपरिक ऊर्जा त्या तेरात आहे. फाइल एका टेबलावर दोन महिने होती, आता सुटली.

पाइप गाडायचा नाही, दगडी ओट्यांवरून वरूनच न्यायचा. दिसायला वाईट, उंदीर-माकडांचा त्रास, पण हा उतार उकरायचा नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगावात माळीण घडलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. पावसाच्या तोंडावर असल्या डोंगराला चर मारून ठेवणाऱ्यांत माझं नाव नको.

2 मार्च 2025

बांध झाला. बांध कसला, 60 सेंटिमीटरचा उंबरा. त्यात व्ही-खाच, आणि पाइपाचं तोंड त्या खाचेच्या तळापासून साडेअठरा सेंटिमीटर वर. सगळी युक्ती या साडेअठरात आहे. खाचेतून 20 लिटर जाईपर्यंत पाण्याची पातळी पाइपाच्या ओठाला लागतच नाही. ओढ्याचा वाटा आधी, यंत्राचा नंतर. सेन्सर नको, मोटर नको, चालवणाऱ्याची मेहरबानीही नको. मला माझ्याच डोक्याचं कौतुक वाटलं. तोंडावर बारीक फटींची जाळी तिरपी बसवली, पानं वरून घसरून जातील, पिल्लं आत ओढली जाणार नाहीत.

26 मे 2025

मान्सून आजच पुणे-मुंबईत. पंधरवडा आधी! यंत्रघराचं छत व्हायचंय. मोटर मेणकापडात गुंडाळून देवळात. माशांच्या उताराचे दगड निम्मेच बसलेले, उरलेले पाऊस स्वतः बसवतोय, बहुधा आमच्यापेक्षा बरे.

29 जून 2025

सुरू. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी 228 व्होल्ट. तीन आठवड्यांचा नियम यंदा आमच्या दिरंगाईनेच पाळला गेला. मासे चढून गेलेत, उताराच्या खालच्या खळग्यात मळ्यांची पिल्लं दिसली. गिरणीत पहिली दळली ती तात्यांकडची नाचणी.

3 ऑगस्ट 2025

असल्या यंत्रात वीज वापरली नाही तर ती कुठेतरी जाळावी लागते, नाहीतर चाक बेफाम फिरतं. कंट्रोलर उरलेली वीज हीटरच्या कॉइलमध्ये सोडतो. आमच्या आराखड्यात तिचं नाव 'वाया भार'. एका वहिनींनी यंत्रघरात हात शेकत विचारलं, इथे कपडे वाळतील का? इथे जुलैत कपडे वाळत नाहीत. शाळेचा गणवेश ओलाच घालून पोरं जातात, बाळंतिणीच्या घरी तर विचारू नका. आता कॉइलसमोर जाळी, त्यापुढे दोऱ्या, घरांना वार वाटून दिलेत. दोन वर्षांत मी केलेल्या कुठल्याच गणितात ही खोली नव्हती, आणि आज यंत्र बंद पडलं तर दिव्यांच्या आधी हिच्यासाठी आरडाओरड होईल.

5 ऑक्टोबर 2025

वहीवरून: 29 जूनपासून महावितरणची वीज एकूण 19 दिवस नव्हती. आमचं यंत्र पाच दिवस बंद, चार दिवस पानांनी जाळी चोंदल्यामुळे आणि एक दिवस बेअरिंगमुळे. जाळी साफ करायला पावसात रात्री कोण जाणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. चालवणाऱ्या मुलाला महिना मिळतो तो कमी आहे, त्याला हिंजवडीत गार्डची नोकरी बोलावतेय. तो गेला तर? दुसऱ्या मुलीला शिकवायला घेतलंय.

पुढच्या टप्प्याला 'क्षमतावाढ' करा असं एका देणगीदाराने सुचवलं. 20 लिटरची खाच जरा अरुंद केली तर सव्वा किलोवॅट सहज वाढतो. नाही म्हणून कळवलं.

7 डिसेंबर 2025

यंत्र हंगामापुरतं बंद करायला गेलो, तर आधीच बंद. वहीत 3 डिसेंबरची नोंद, मावशीच्या पोराच्या अक्षरात: "खाचेत गोणपाट आणि दगड. पानी रेघेखाली. काढलं. चावी बंद."

4 तारखेला दत्तजयंती होती. देवळावर आपल्याच विजेची रोषणाई हवी म्हणून कुणीतरी खाच बुजवून पाणी ओठापर्यंत चढवलं होतं. माझ्या साडेअठरा सेंटिमीटरला एका गोणपाटाने हरवलं. कुणी ठेवलं हे मी विचारलं नाही, वाडीत सगळ्यांना माहीत असणार. चालवणारा मुलगा नजर चुकवत म्हणाला, "एक दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं?" रोषणाई महावितरणवर झालीच, डिसेंबरात ती कुठे जाते?

खाच मोजली. 18 सेंटिमीटर, म्हणजे 19 लिटर. गोणपाट मावशीने धुऊन कातळावर वाळत टाकलं होतं. निघताना ते उचलून ती म्हणाली, चांगलं हाय, बकरीखाली घालते.